आज तांबट बोलला नाही

आमच्या घरात जाड पुठ्ठ्याची एक वही आहे आणि तिच्यात तीन हस्ताक्षरे आहेत. पहिले माझ्या वडिलांचे. ते ओळ सोडून कधी वर चढते, कधी खाली उतरते, कारण वही सुरू केली तेव्हाच त्यांना स्वतःचे अक्षर दिसेनासे झाले होते. दुसरे माझ्या लेकीचे. पहिल्या पानांवर ते गोल आणि शाळकरी आहे, आणि पुढे ते घाईचे, स्वतःच्या वळणाचे होत गेले आहे. तिसरे माझे, आणि ते सर्वांत कमी पानांवर आहे. वहीत पक्ष्यांच्या नोंदींखेरीज काहीही नाही. तारीख, वेळ, पक्ष्याचे नाव, तो दिसला की नुसता ऐकू आला, आणि तेव्हा तो काय करत होता, एवढाच प्रत्येक नोंदीचा ऐवज. तरीही गेल्या काही वर्षांत आमच्या कुटुंबात जे घडले, त्याचा याहून खरा दस्तऐवज माझ्यापाशी नाही.

बाबांना झालेल्या विकाराचे नाव मॅक्युलर डिजनरेशन. यात दृष्टिपटलाचा मध्यभाग हळूहळू निकामी होतो. माणसाला अंधार येत नाही, कडेचे दिसत राहते, पण ज्याच्याकडे रोखून पाहावे नेमके तेच पुसले जाते: समोरच्याचा चेहरा, घड्याळाचे काटे, पुस्तकातला शब्द. ज्यांचा दिवस वाचनावर उभा होता, त्या माणसाच्या हातून वाचन निसटत गेले आणि त्यांच्या स्वभावातली ऊब त्याबरोबर कमी होत गेली. ते चिडत, आणि चिडून झाले की तासन् तास गप्प बसत. तेव्हा बारा वर्षांची असलेली माझी लेक त्यांच्या खोलीवरून जाताना पाय न वाजवता जाऊ लागली. मी दोघांच्या मध्ये उभी राहून रोज तेच विचारत असे: बरे वाटते का, औषध घेतले का, अभ्यास झाला का. आज वाटते, त्या दिवसांत आमच्या घरातले प्रत्येक बोलणे म्हणजे चौकशी झाली होती, आणि चौकशीला माणूस जेवढ्यास तेवढे उत्तर देतो.

एका सकाळी बाबांनी तिला हाक मारली आणि म्हणाले, “बाळा, बाहेर तांबट बोलतोय. कुठे बसलाय, तेवढं मला सांग.” तांब्याच्या भांड्यावर लहान हातोडी एका लयीत पडत राहावी, असा तो आवाज आमच्या खिडकीसमोरच्या उंबरातून येत होता. तो कुणी पक्षी काढतो, हेच तिला माहीत नव्हते. तिने शोधायला सुरुवात केली आणि अर्धा तास गेला, कारण बोलताना तांबट मान इकडेतिकडे फिरवतो आणि आवाज प्रत्येक वेळी दुसरीकडूनच आल्यासारखा वाटतो. शेवटी सर्वांत उंच वाळक्या फांदीच्या टोकाशी तो तिला सापडला. चिमणीहून थोडा थोराड, हिरवा, कपाळावर लाल टिळा, गळा पिवळा. ती ओरडून म्हणाली, “आजोबा, त्याची चोच मिटलेली आहे! नुसता गळा फुगतोय.” बाबा काही क्षण थांबले. मग म्हणाले, “साठ वर्षं ऐकतोय मी त्याला. हे मला माहीत नव्हतं.” वहीतली पहिली नोंद त्या दिवसाची आहे, आणि ती बाबांनी हट्टाने स्वतःच्या हाताने लिहिली आहे.

पुढे जे झाले त्याला योजना म्हणता येणार नाही. रोज सकाळी अर्धा तास दोघे खिडकीशी बसू लागली. बाबांचे कान शाबूत होते आणि दृष्टीची कडही शाबूत होती. आश्चर्य असे की हालचाल टिपायला दृष्टीची कडच अधिक उपयोगी पडते. पानांत काही सळसळले की ते त्यांना तिच्याआधी कळे. ते घड्याळाच्या काट्यांनी दिशा सांगत, “दहाच्या बाजूला, खालच्या फांदीवर काहीतरी आहे,” आणि ती दुर्बीण तिकडे वळवी. मग ती वर्णन करी आणि ते नाव सांगत. शेपूट उभी धरतो का? उडताना झोके घेतो का? पानांच्या खालून शोधतो की वरून? रंग ते शेवटी विचारत, कारण रंग उजेडाबरोबर बदलतो आणि लकब बदलत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. एकदा बुलबुल, साळुंक्या आणि खारी एकदम कर्कश ओरडू लागल्या, तेव्हा बाबा म्हणाले, “हा भांडणाचा आवाज नाही, हा इशारा आहे. शिकारी आलाय, वर बघ.” आणि खरोखरच शेंड्याजवळ खोडाला चिकटून शिक्रा बसलेला होता. ज्या माणसाला नातीचा चेहरा दिसत नव्हता, त्याने तिला ससाण्याच्या रुबाबात बसलेला तो पक्षी दाखवला. दोघे मिळून एक पक्षीनिरीक्षक होत होते, आणि दोघांनाही ते ठाऊक होते.

कुटुंबाच्या स्वास्थ्याबद्दल बोलताना आपण संवादाचा आग्रह धरतो आणि संवाद म्हणजे समोरासमोर बसून बोलणे, असे गृहीत धरतो. माझा अनुभव वेगळा आहे. समोरासमोर बसले की एकाला विचारावे लागते आणि दुसऱ्याला उत्तर द्यावे लागते. शेजारी बसून दोघांनी तिसऱ्याच कशाकडे पाहिले, तर गप्प राहण्यालाही संकोच उरत नाही. पक्षी येईपर्यंत थांबावे लागते आणि त्या थांबण्यात, कुणी न विचारता, माणसे बोलतात. वर्गातल्या मैत्रिणींनी आपल्याला वाळीत टाकल्यासारखे केले आहे, हे माझ्या लेकीने मला चार महिने सांगितले नव्हते. आजोबांना तिने ते सांगितले, दयाळाच्या आणि शिंप्याच्या दोन नोंदींमधल्या वेळात, दुर्बीण डोळ्यांना लावलेली असताना. मला ते पुढे कळले तेव्हा आधी वाईट वाटले आणि मग त्या दुर्बिणीबद्दल कृतज्ञता वाटली, कारण डोळे झाकलेले होते म्हणूनच तिला ते बोलता आले असावे.

माझ्यापुरते मी जे पाहिले, त्याच्याशी जुळणारे काही संशोधनही झालेले आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी सुमारे १,३०० लोकांच्या फोनवर दिवसातून अनेकदा प्रश्न पाठवून त्यांची मनःस्थिती नोंदवली आणि त्या वेळी पक्षी दिसत किंवा ऐकू येत होते का, हेही विचारले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पक्ष्यांच्या सहवासाचा आणि बऱ्या वाटण्याचा संबंध आढळला. तो परिणाम आठ तासांपर्यंत टिकत होता, आणि नैराश्याचे निदान झालेल्या लोकांतही तो दिसला. त्याच वर्षी जर्मनीतल्या एका प्रयोगात २९५ जणांना सहा-सहा मिनिटांची ध्वनिमुद्रणे ऐकवली गेली. पक्ष्यांचे आवाज ऐकणाऱ्यांची अस्वस्थता आणि संशयी विचार कमी झाले. रहदारीचा आवाज ऐकणाऱ्यांची उदासी वाढली. यावरून पक्षी हे औषध आहे असे मी म्हणणार नाही. बाबांची दृष्टी परत आली नाही आणि येणारही नाही. पण ज्या माणसाला सकाळ ही नकोशा दिवसाची सुरुवात वाटत होती, तो सकाळ होण्याची वाट पाहू लागला, एवढे मी ठामपणे सांगू शकते.

एक गोष्ट मात्र आम्हाला शिकावी लागली. काही महिन्यांनी लेकीला यादीचा नाद लागला. नवा पक्षी सापडला तर आनंद, रोजचा बुलबुल दिसला तर निराशा. त्या भरात तिने फोनवर तांबटाचा आवाज लावून त्याला जवळ बोलावण्याचा प्रयत्न केला, आणि विणीचा हंगाम असल्याने तो खरेच आला, अस्वस्थपणे या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारत राहिला. बाबांनी फोन बंद करायला लावला. “त्याला वाटतंय, त्याच्या जागेत दुसरा नर घुसलाय. तो घरटं सोडून भांडायला आलाय. आपल्याला बघायला मिळावं म्हणून त्याने का घाबरायचं?” ती रडली. त्या दिवसानंतर घरट्याच्या जवळ जायचे नाही, त्याचा पत्ता कुणाला सांगायचा नाही आणि त्याचे छायाचित्रही काढायचे नाही, हा नियम तिने स्वतःच वहीच्या मुखपृष्ठाच्या आत लिहिला. पुढे जे घडले त्याची सुरुवात मी त्या रडण्यापासून धरते. आवडणे आणि काळजी वाहणे यांतले अंतर तिने त्या दिवशी ओलांडले.

तोवर वहीचे रूप बदलत होते. सुरुवातीला ती जे आहे त्याची वही होती. वर्ष उलटले आणि मागची पाने पुढच्या पानांशेजारी ठेवता येऊ लागली, तेव्हा ती जे नाही त्याचीही वही झाली. गेल्या वर्षी या आठवड्यात हळद्या आला होता, यंदा नाही. चिमण्या सलग सहा दिवस नाहीत. नुसत्या डोळ्याला अनुपस्थिती कधीच दिसत नाही. ती दिसण्यासाठी कुणीतरी आधी उपस्थिती लिहून ठेवलेली असावी लागते. पक्षीनिरीक्षण माणसाला पर्यावरणाच्या चळवळीकडे का नेते, याचे उत्तर मला निसर्गप्रेम या मोठ्या शब्दात सापडत नाही, या लहानशा हिशेबात सापडते.

या हिशेबाला मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत नाताळच्या दिवशी गट पाडून पक्षी मारण्याची स्पर्धा होई, आणि ज्याचा ढीग मोठा तो गट जिंके. २५ डिसेंबर १९०० रोजी फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाच्या सूचनेवरून २७ जणांनी २५ ठिकाणी मारण्याऐवजी जिवंत पक्षी मोजले. ती मोजणी आजतागायत दर वर्षी होत आहे आणि तिच्यात कुटुंबेच्या कुटुंबे भाग घेतात. २०१९ साली शास्त्रज्ञांनी अशा हौशी लोकांच्या अनेक दशकांच्या नोंदी आणि रडारची माहिती एकत्र केली, तेव्हा १९७० पासून उत्तर अमेरिकेतले सुमारे तीन अब्ज पक्षी, म्हणजे २९ टक्के, नाहीसे झाल्याचे कळले. खिडकीशी आणि पायवाटेवर लिहिलेल्या लक्षावधी कागदांशिवाय हा आकडा कुणालाच मांडता आला नसता.

कधी एक पत्रही पुरते. अमेरिकेतल्या ओल्गा ओवेन्स हकिन्स आणि त्यांचे पती यांनी आपल्या जागेत पक्ष्यांसाठी लहानसे आश्रयस्थान जपले होते. १९५७ साली डास मारण्यासाठी विमानातून डीडीटी हे कीटकनाशक फवारले गेले आणि त्यांच्या अंगणात गाणारे पक्षी मरून पडले. हकिन्स यांनी जे पाहिले ते लिहून वृत्तपत्राला पाठवले आणि त्याची प्रत आपली मैत्रीण, शास्त्रज्ञ रेचल कार्सन यांना धाडली. कार्सन यांनी त्यानंतर चार वर्षे पुरावे गोळा केले. त्यांचे पुस्तक १९६२ साली आले आणि १९७२ साली अमेरिकेत डीडीटीच्या वापरावर बंदी आली. भारतातही गिधाडांच्या बाबतीत असेच घडले. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभु प्रकाश यांनी १९८०च्या दशकात गिधाडांची गणना केलेली होती, म्हणूनच पुढच्या दशकात त्यांना घट किती भयंकर आहे हे दाखवता आले. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक संपली होती. जुनी गणना नसती तर कदाचित आपण म्हणालो असतो की पूर्वी खूप असायची, आणि पुढे गेलो असतो.

आमच्या उंबराची गोष्ट यांच्यासमोर फारच लहान आहे, पण ती आमच्या वाट्याला आलेली होती. वाहने उभी करायला जागा हवी, फांद्या वाळल्या आहेत, मुळे भिंत फोडत आहेत, अशी कारणे देऊन झाड मुळापासून काढायचे ठरले. ठरवणारी माणसे वाईट नव्हती. त्यांच्या दृष्टीने ते अर्धे वाळलेले झाड होते, इतकेच. बैठकीला बाबा गेले, लेक गेली आणि मीही गेले. तिच्या हातात वही होती. भाषण तिला जमले नाही. तिने पाने वाचली: चौदा महिन्यांत या एका झाडावर एकतीस जातींचे पक्षी आले, फळे पिकली तेव्हा एका सकाळी सात जाती एकाच वेळी होत्या, तांबटाने ज्या फांदीच्या खालच्या बाजूने ढोली कोरली ती वाळलेलीच होती, कारण त्याची चोच जिवंत लाकडात ढोली कोरू शकत नाही, त्या ढोलीत आज पिल्ले आहेत, नर आणि मादी दोघेही चारा घेऊन येतात, आणि काल सकाळच्या अर्ध्या तासात ती नऊ वेळा आली. मग बाबा उठले आणि त्यांनी एवढेच सांगितले की मला झाड धूसर दिसते, पण रोज सकाळी दिवस उजाडल्याचे मला त्यावरूनच कळते.

त्या सभेत टाळ्या पडल्या नाहीत. बराच वाद झाला, एकाने मुलीला पुढे केल्याचा आरोप आमच्यावर केला, आणि तो मला लागला. अखेर पिल्ले उडून जाईपर्यंत कुऱ्हाड लावायची नाही आणि नंतर फक्त धोकादायक फांद्या उतरवायच्या, झाड ठेवायचे, असे ठरले. ज्या फांद्या उतरल्या त्यांत ढोलीची फांदीही होती.

त्या काळात मी पूर्णिमा देवी बर्मन यांच्या कामाबद्दल वाचत होते आणि त्याचा मला फार आधार वाटला. आसाममध्ये हरगिला, म्हणजे मोठा क्षत्रबलाक, हा उंच, उघड्या मानेचा करकोचा लोकांना अशुभ आणि घाण वाटत असे. मालक घरटी असलेली झाडे तोडून टाकत. बर्मन यांनी उपदेश करण्याऐवजी गावातल्या बायकांना जवळ केले. घरटी भरली की त्या बायका पक्ष्यांसाठी डोहाळजेवण करू लागल्या, मागावर हरगिल्याची नक्षी विणू लागल्या, आणि मुले घरी येऊन वडिलांना झाड तोडू नका म्हणून सांगू लागली. ‘हरगिला आर्मी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या चळवळीत दहा हजारांहून अधिक स्त्रिया आहेत. दादरा, पाचरिया आणि सिंगिमारी या गावांत पूर्वी २८ घरटी होती, ती २५०च्या वर गेली. २०२२ साली बर्मन यांना संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही की चळवळ घराबाहेर उभी राहून घरात ओढून आणावी लागली नाही. ती नात्यांच्या वाटेनेच पसरली. इंग्लंडमध्ये १८८९ साली एमिली विल्यमसन यांनी आणि बॉस्टनमध्ये १८९६ साली हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल यांनी टोप्यांवरच्या पिसांच्या व्यापाराविरुद्ध बायकांना संघटित केले, तेही घरच्या बैठकीतून आणि चहाच्या निमंत्रणांतूनच. पुढे त्याच प्रवाहातून दोन्ही देशांत पक्ष्यांचे रक्षण करणारे कायदे झाले.

तरी सगळे जिंकता येत नाही, आणि मुलांपासून हे लपवू नये असे माझे मत आहे. आम्ही सुट्टीच्या दिवशी ज्या पाणथळीवर जात असू, तिथे भराव पडला. निवेदने दिली, सह्या गोळा केल्या, आमच्यासारख्या आणखी चार कुटुंबांच्या नोंदी एकत्र करून मांडल्या. उपयोग झाला नाही. हिवाळ्यात बदके आली, वरून दोन घिरट्या घातल्या आणि निघून गेली. त्या संध्याकाळी लेकीने वही मिटली आणि म्हणाली, “आजोबा, कमीच होणार असतील तर मोजायचं कशाला?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. बाबाही लगेच बोलले नाहीत. मग त्यांनी तिच्याकडून त्या दिवसाची नोंद लिहून घेतली: किती बदके आली, कोणत्या दिशेने आली, किती वेळ घिरट्या घातल्या, कोणत्या दिशेने गेली. शेवटी तिने विचारले, “आणि काय करत होती, हे काय लिहू?” ते म्हणाले, “लिही, पाणी शोधत होती.” तिने लिहिले. दुःख तिच्या एकटीचे राहिले नाही, ते तिघांच्या वहीत गेले, आणि रात्री ती जेवली. पुढच्या निवेदनात ते पान जसेच्या तसे जोडले आहे.

ढोलीची फांदी उतरवल्यावर काही दिवस उंबर मुका झाला. त्या दिवसांच्या नोंदींत बाबांचे अक्षर पुन्हा दिसते. आता ते फारच विस्कटले आहे, अक्षरे एकमेकांवर चढली आहेत, पण एक वाक्य मला न चाचरता वाचता येते, कारण ते ओळीने अकरा वेळा आले आहे: आज तांबट बोलला नाही. बाराव्या सकाळी मी खोलीत गेले तेव्हा बाबांचा हात वर उचललेला होता आणि लेक श्वास रोखून खिडकीशी उभी होती. मी दारातच थांबले. आवाज फार लांबून येत होता, बहुधा रस्त्यापलीकडच्या झाडांतून, एका लयीत. तिने दुर्बिणीने बराच शोध घेतला. मग वही माझ्या हातात दिली, आणि बाबांनी सांगितले तसे मी लिहिले: सकाळी सहा चाळीस. तांबट. ऐकला, दिसला नाही.